जुन्या इम्पोर्टेड गाडीचे पार्ट मागवताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पंधरा-वीस वर्षांच्या होंडा सीआर-व्ही, सुझुकी ग्रँड विटारा, टोयोटा प्राडो अजून रस्त्यावर दिसतात. इंजिन सहसा दगा देत नाही. गाडी अडून बसते ती एखाद्या बुशसाठी (जोडात बसणारा रबरी तुकडा), नाहीतर सेन्सरसाठी. मग परदेशातल्या भाच्याला फोन जातो, पार्ट येतो आणि बसत नाही.

गाडीचं नाव सांगून पार्ट मागवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. २००७च्या सुमारास जपानहून आलेली ग्रँड विटारा आणि २०२२पासून कर्नाटकात बिडदीला बनणारी ग्रँड विटारा यांचं नाव एक, पण गाड्या पूर्ण वेगळ्या. जुनीतही २.० आणि २.४ लिटर अशी दोन इंजिनं. दुसऱ्या पिढीची सीआर-व्ही अमेरिकेत फक्त २.४ लिटर होती, आपल्याकडे २.० लिटरही विकली गेली. त्यामुळे 'तीच गाडी इथेही आहे' या भाच्याच्या भरवशावर ऑर्डर देऊ नका.

आरसी बुकावरचा चॅसिस नंबर बोनेटखालच्या प्लेटशी ताडून पाहा आणि तोच सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर द्या. नंबर सतरा अंकाक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुमच्या नोंदीत 'ओ' दिसला तर तो शून्य आहे. दहाव्या अक्षरावरून वर्ष काढायची युक्ती अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांची. आपल्या गाडीवर ती फसू शकते. वर्ष सांगायची वेळ आलीच तर उत्पादनाचं सांगा, नोंदणीचं नाही.

काउंटरवर पार्ट स्टॉकला नसला तरी पार्ट नंबर मागून घ्या. होंडाच्या ४५०२२-एस९ए-ए०० या नंबरात ४५०२२ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड आणि एस९ए म्हणजे दुसऱ्या पिढीची सीआर-व्ही. मागच्या पॅडचा नंबर ४३०२२ने सुरू होतो. टोयोटात ४८५१० पुढचा उजवा शॉकअॅब्सॉर्बर, ४८५२० डावा. इतकं वाचता आलं तरी चुकीचा डबा पैसे देण्याआधीच ओळखू येतो. आणि 'नंबर बंद झाला' ऐकून खचू नका. बदली नंबर काय, ते विचारा. बहुतेक वेळा असतो.

स्टिअरिंगची बाजू विसरणं

दुबई आणि अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे. तिथून ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग, ऑइल फिल्टर खुशाल आणा, नंबर जुळला की झालं. पण स्टिअरिंग रॅक, वायपरची लिंकेज, ब्रेक बूस्टर आणि हेडलाइट तिकडचे नकोत. हेडलाइट खाचेत अगदी बरोबर बसतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही. मात्र त्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. असे पार्ट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर किंवा जपानमधून शोधा.

बुश बसवताना होणारी घाई

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला धरणारा खालचा दांडा) बुश आधी जातात. महागाचा ओरिजिनल बुश काही महिन्यांत फाटला की 'माल नकली' म्हणून आपण मोकळे होतो. खरं कारण बरेचदा बसवण्यात असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि मेकॅनिक आर्मचा बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो आणि आवळलेलं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. बोल्ट आधी हातानेच लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला 'नवा' बुशही घेऊ नका. नखाने दाबून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

तेल आणि चाकं

फोर-व्हील-ड्राइव्ह सीआर-व्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्ण वळणावर मागून घुरघुरते, तेव्हा मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) बदलायला निघू नका. त्यात साधं गिअर ऑइल गेलं असेल किंवा आतलं तेल जुनं झालं असेल. तिथे होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड हे खास तेल साधारण एक लिटर लागतं. टोयोटाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टी-फोर हे तेल लिहिलं असेल तिथे डब्ल्यूएस हे दुसरं तेल ओतू नका.

अलॉय चाकं घेताना फक्त ५ बाय ११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) बघून भागत नाही, मधलं भोकही मोजा. सीआर-व्हीचा हब (चाकाचं मधलं भोक ज्यावर बसतं तो भाग) ६४.१ मिलिमीटर, जुन्या ग्रँड विटाराचा ६०.१. विटाराचं चाक सीआर-व्हीवर चढतच नाही. उलट केलं तर चढतं, पण मधली फट भरणारी रिंग नसेल तर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

बॅगेत काय घालू नये

गॅसचे शॉकअॅब्सॉर्बर, एअरबॅग आणि पेट्रोलचा वास असलेला वापरलेला फ्युएल पंप विमान कंपन्या धोकादायक मालात धरतात. हे बॅगेत भरायला सांगून नातेवाइकांना विमानतळावर अडचणीत टाकू नका. कुरियरने मागवताना हिशोब नुसत्या किमतीवर करू नका. सीमाशुल्क वाहतूक आणि विम्यासकट किमतीवर लागतं, त्यावर अधिभार आणि मग सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). चारशे रुपयांच्या क्लिपसाठी हा खटाटोप परवडत नाही. अशा वस्तू कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात आधी शोधा. जाताना तुटलेली क्लिप खिशात असू द्या, मोबाइलवरच्या फोटोवरून माप कळत नाही.

पार्ट हातात आल्यावर जुना काढा आणि नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा. डिस्क असेल तर व्यास, उंची आणि भोकं व्हर्नियरने मोजा. सेन्सर असेल तर कनेक्टरच्या पिना मोजा आणि वायरची लांबी ताडून पाहा. पिना जुळल्या तरी ऑक्सिजन सेन्सरच्या जागी एअर-फ्युएल रेशो सेन्सर चालत नाही, म्हणून तिथे नंबरच बघा. हे सगळं होईपर्यंत नवा पार्ट बसवू नका.