घोड्यांच्या धंद्यासाठी कर्ज काढताय? आधी या चुका टाळा

आषाढी एकादशी झाली की आमच्या दारात चार घोड्या नुसत्या उभ्या असतात. शेवटची वरात जूनमध्येच संपलेली, पुढची तुळशीचं लग्न लागल्यावर, आणि मधल्या चार महिन्यांत बँकेचा मेसेज मात्र दर ५ तारखेला न चुकता येतो. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे राहतो, लग्नाच्या घोड्या, थोडं रायडिंग शिकवणं आणि कधीमधी एखादं शिंगरू विकणं असा धंदा आहे, आणि त्यासाठी जागाही कर्जावर घेतली न् दोन घोड्याही. आता आजूबाजूची पोरं येतात, काका आम्हालाही तबेला टाकायचाय, लोन कुठून मिळेल? लोन मिळतं बाबा. पण सही करायच्या आधी जे बघायचं असतं ते मी बघितलं नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

हप्ता महिन्याचा, कमाई सिझनची

धंदा बसतो तो बहुतेक इथेच. हिशोब करताना आपण काय करतो, एका वरातीचे इतके, सिझनला इतक्या वराती, भागिले १२, आणि त्यात हप्ता बसतोय म्हणून कागदावर सही. पण पैसा १२ महिने येतच नाही ना! माझाच हिशोब सांगतो. १० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १७,१०० रुपये हप्ता. चार घोड्यांची चंदी (दाणा), कडबा, कुटार (भुसा), नालबंद, औषध मिळून २२ हजारांच्या आसपास. सांभाळणाऱ्या माणसाला १२ हजार. झाले ५१ हजार, चार महिन्यांचे २ लाखांच्या वर, आणि हे सगळं आवक शून्य असताना.

ट्रॅक्टर काम नसलं की डिझेल पीत नाही. घोडी काम असो नसो, तिच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा-दाणा रोज खाते, ३५०-४०० किलोच्या घोडीला ७-८ किलो धरा. पैसे नाहीत म्हणून एकदम चारा बदलला किंवा पावसात भिजलेलं बुरशी आलेलं कुटार टाकलं तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं बाहेर येत नाही, रात्रीतून जनावर जातं. म्हणजे खर्च वाचवायला गेलो की ज्याच्यावर कर्ज काढलं तेच हातचं जातं. हे मी डोळ्यासमोर बघितलंय, म्हणून चाऱ्यात काटकसर करून हप्ता भरायचा विचारच डोक्यातून काढा.

त्यात अधिक महिना आला तर अजून एक महिना गेला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, ऐन लग्नसराईत. कर्ज घेताना पुढच्या पाच-सात वर्षांचं पंचांग उघडून बसा, गुरू-शुक्राचा अस्त कधी, अधिक मास कधी, हे बँक मॅनेजर तुम्हाला विचारणार नाही.

मग करायचं काय? मंजुरीच्या आधीच लेखी मागा की हप्ता महिन्याचा नको, सहामाही ठेवा किंवा सिझनमध्ये मोठा आणि पावसाळ्यात फक्त व्याज. शेतीच्या कर्जाला पीक निघाल्यावर हप्ता असतो हे बँकेला माहीत आहे, तुमची कमाईपण तशीच आहे हे मागच्या दोन सिझनच्या बुकिंगची वही दाखवून सांगायचं. मंजुरीपत्र हातात पडल्यावर गेलात तर कोणी ऐकत नाही, मी तेव्हा गेलो होतो. दुसरं म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधी चार महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात टाकून ठेवा आणि कर्जाच्या रकमेत तो धरूनच चला. तुरीचं-हरभऱ्याचं कुटार आणि कडबा वावरातून निघतो तेव्हाच, जानेवारी ते मार्चमध्ये वर्षभराचा भरून ठेवा, जुलैत शोधायला गेलात की सांगतील तो भाव.

वावर घेताना शेतकऱ्याच्या नजरेने बघणं

आपण जमीन बघायला गेलो की पहिले काळी माती बघतो, भारी आहे का, पराटी (कपाशी) कशी आली. घोड्याला ती नको. पावसाळ्यात काळ्या मातीत चिखल होतो, खूर दिवसरात्र ओले राहतात, सडतात, आणि पांदण (शेतरस्ता) बंद झाली की डॉक्टरची गाडी धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंतसुद्धा येत नाही. घोड्याला बरड, मुरमाड, निचऱ्याची जागा पाहिजे, जी शेतीवाला नाकारतो आणि जी स्वस्तात मिळते. मी काळीच्या नादात एकरी जास्त पैसे मोजले आणि नंतर त्याच जागेवर मुरमाच्या ट्रॉल्या आणून टाकल्या, दोन्हीचं व्याज अजून भरतोय.

आता कागद. सातबारा दुसऱ्याला वाचायला देऊ नका, स्वतः वाचा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) सोबत घेऊन. माझी पहिली जागा हीच चूक करून गेली. १ लाख इसार दिला, साक्षीदार, स्टॅम्प सगळं केलं, आणि बँकेच्या वकिलाने फाईल परत केली कारण सातबाऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, भोगवटादार वर्ग-२. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही. इसाराच्या करारात ‘बँकेचं कर्ज किंवा टायटल नामंजूर झालं तर इसार परत’ ही एक ओळ नव्हती. दीड वर्ष चकरा मारून अर्धे पैसे मिळाले. ती ओळ टाकल्याशिवाय इसाराला हात लावू नका, समोरचा नात्यातला असला तरी.

आपल्याकडे अजून तीन गोष्टी खास बघायच्या. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, गावातला कितीही मोठा माणूस मध्ये असू दे. भूदानाची जमीन मालकाला मनाने विकता येत नाही. आणि तुम्ही स्वतः शेतकरी खातेदार नसाल, म्हणजे नोकरी करून पुण्याहून परत आलात आणि कुठल्याच सातबाऱ्यावर नाव नाही, तर विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ८९ आडवं येतं, शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही. वडिलांच्या नावाचा आठ-अ आधी काढून बघा, वारसाची नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

पोरांना एक कळत नाही की एवढी तीन एकर जमीन तारण देतोय तरी बँक का कुरकुरते. कारण साधं आहे, २००२ च्या सरफेसी कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, बँकेला घरासारखा झटपट ताबा घेता येत नाही. म्हणून मोठ्या रकमेला ते तालुक्यातलं घर, एनए (अकृषिक) प्लॉट, एफडी असं काहीतरी वेगळं मागतात. होम लोनवर वावर मिळत नाही, आणि हे घर तारण टाकताना घरच्यांना बसवून सांगा, माझ्या आईला सहीच्या दिवशी कळलं आणि ती आठवडाभर जेवली नाही नीट.

व्यवहारात ‘थोडे वरचे कॅश’ ठरले असतील तर त्याला बँक एक रुपया देत नाही, ती कागदावरच्या किमतीचा काही टक्के देते, बाकी सगळं तुमच्या खिशातून. वरून मुद्रांक शुल्क, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. शिवाय लोकांना पैसे घेऊन रायडिंग शिकवायचं, राहायला खोल्या बांधायच्या तर शेतीच्या जमिनीवर शेतीच्या वीज कनेक्शनवर ते चालत नाही, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं. अकृषिकचं तहसीलमधून लेखी विचारून घ्या आणि कमर्शियल मीटरचा खर्च पहिल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टाका.

‘सबसिडी येणारच आहे’ असं धरून चालणं

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले, प्रकल्पाला ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख. ही बातमी मोबाईलवर फिरली आणि लोकांना वाटलं निम्मे पैसे सरकार आधी देणार. तसं नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर पाहिजे किंवा स्वतःचा पैसा दाखवावा लागतो, काम सुरू झाल्यावर पहिला हप्ता, प्रकल्प पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर दुसरा. तोपर्यंत पूर्ण रकमेचं व्याज तुम्हीच भरता. आणि जमीन खरेदी, भाडं, गाडी याला हे अनुदान नाहीच, जो सगळ्यात मोठा खर्च आहे तोच बाहेर. अर्ज उद्यमी मित्र पोर्टलवर स्वतः करता येतो, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, ‘इतके टक्के द्या मी काढून देतो’ म्हणणाऱ्याला आधार आणि सातबारा देऊन बसू नका. माझं म्हणणं ऐकाल तर सबसिडी शून्य धरून प्रकल्प उभा राहतो का ते बघा, राहत असेल तरच पुढे जा.

जत्रेत घोडी आवडली आणि पैसे दिले

सारंगखेड्याला दत्त जयंतीला किंवा माळेगावला खंडोबाच्या यात्रेत गेलं की मन ताब्यात राहत नाही, मला माहीत आहे, चांगली मारवाडी घोडी चालताना बघितली की बाकी काही दिसत नाही. पण कर्जाचे पैसे असतील तर डॉक्टर सोबत न्या. दातावरून वय, कडक जमिनीवर दुडक्या चालीत पळवून लंगडते का, डोळे, खोकला. आणि ग्लँडर्सची रक्त तपासणी, रिपोर्ट आल्यावरच बाकीचे पैसे. हा रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि पॉझिटिव्ह निघालेलं जनावर कायद्याने मारावंच लागतं, कर्ज मात्र जिवंत राहतं.

बिलावर लक्ष द्या. गाय-म्हैस-शेळीवर जीएसटी नाही पण घोड्यावर आहे, आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेताना कोटेशन जीएसटी धरून मागा, नाहीतर तेवढे पैसे ऐनवेळी कमी पडतात.

विमा त्याच दिवशी. माझी एक घोडी घेतल्यापासून अकराव्या दिवशी पोटशुळाने गेली, विम्याचा फॉर्म भरलेला पण टेबलाच्या खणात होता, डॉक्टरचा दाखला घ्यायचा राहिला म्हणून. सगळं कर्ज उरलं. आणि फॉर्म वेळेत गेला असता तरी बऱ्याच पॉलिसीत पहिले १५ दिवस आजाराने मेलं तर दावा मिळत नाही, तेवढे दिवस घोडीवर नजर ठेवा, नवीन चारा हळूहळू द्या. टॅग किंवा मायक्रोचिप, चारही बाजूंचे फोटो, शवविच्छेदन, एक जरी कागद नसला तरी दावा अडकतो. पशुधन अभियानातल्या विम्यात आता लाभार्थ्याने १५ टक्केच हप्ता भरायचा आहे, दवाखान्यात विचारून तो आधी बघा.

कॅशचा धंदा आणि रिकामं पासबुक

बँडवाला रोख देतो, नवरदेवाचा मामा रोख देतो, आणि बँकेत गेल्यावर आपण म्हणतो वर्षाला ५ लाख कमावतो. कागद कुठाय? घोड्यांची कमाई शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, ती करपात्र धंद्याची आहे, त्यामुळे रिटर्न भरणं काही ऐच्छिक नाही. कर्ज हवं त्याच्या दोन वर्षं आधीपासून क्यूआर कोड लावा, करंट खातं, उद्यम नोंदणी, बुकिंगची वही, रिटर्न. याला दुसरा रस्ता नाही.

शिंगरांच्या भरवशावर हप्ता धरणाऱ्यांसाठी एवढंच की घोडी ११ महिने गाभण, शिंगरू दूध तोडायला अजून पाच-सहा महिने, पाठीवर बसायला तीन-चार वर्षं. हप्ता सुरू व्हायला दोन वर्षांची सूट मिळाल्याशिवाय त्या पैशावर कर्ज घेऊ नका.

हप्ता थकलाच असेल तर

फोन उचलणं बंद करू नका. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक, होतं आणि मग मॅनेजरच्याही हातात फारसं राहत नाही, म्हणून पहिला हप्ता चुकणार हे दिसल्या-दिसल्या लेखी अर्ज घेऊन जा, येत्या सिझनच्या बुकिंगची यादी आणि इसाराच्या पावत्या जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा आणि अर्जावर पोचचा शिक्का घ्या. सावकाराकडून घेऊन बँकेचा हप्ता भरायची पाळी आली तर त्यापेक्षा एक घोडी विका. पण पावसाळ्यात नको, तेव्हा सगळेच विकायला निघतात आणि भाव पडलेला असतो, शक्य असेल तर मार्गशीर्षातल्या जत्रेपर्यंत थांबा. तिच्यावर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी घ्या, मी मागच्या साली घेतली, आठ दिवस लागले.