स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जाताय? मग बॅग अशी भरा

आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं यंदा पहिल्यांदाच स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला चाललेत आणि रोज मला विचारतायत की कपडे काय न्यायचे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. मी दोनदा जाऊन आलोय, पहिल्या वेळी चुकीची बॅग भरून आणि दुसऱ्या वेळी बरोबर, त्यामुळे फरक काय पडतो ते अंगावर घेतलंय असं म्हणा.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याला वाटतं स्कॉटलंड म्हणजे नुसता पाऊस, आणि पावसाचं आपल्याला काय, जुलैत येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर भिजत खेळतोच की आपण. पण सेंट अँड्र्यूजच्या बाजूला वर्षभरात पाऊस पडतो साधारण ७०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकाच. फरक एवढाच की आपला चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि त्यांचा बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो, कधी येईल ते सांगता येत नाही. आणि दुसरं म्हणजे आपला पाऊस कोमट असतो हो, भिजलं तरी माणूस गारठत नाही. तिकडे जुलैत भर दुपारी १७ ते १९ अंश, मे महिन्यात त्याहून चारपाच अंश कमी, आणि त्यात समुद्रावरचा वारा. भिजलेल्या कपड्यावर तो वारा लागला की पंधरा मिनिटांत बोटं वाकत नाहीत, क्लबची, म्हणजे खेळायच्या काठीची, ग्रिप धरता येत नाही. म्हणजे खरा त्रास पावसाचा नाही, ओल्या अंगावर लागणाऱ्या वाऱ्याचा आहे, आणि बॅग भरायची ती या वाऱ्यासाठी.

हे वारं किती असतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २०१५ च्या ओपनला, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेला, सेंट अँड्र्यूजच्याच ओल्ड कोर्सवर शनिवारी वाऱ्याने ग्रीनवरचे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे) बॉल आपोआप हलायला लागले म्हणून खेळ थांबवला आणि स्पर्धा सोमवारी संपली. २००२ ला याच स्पर्धेत, स्कॉटलंडमधल्याच म्युअरफिल्डच्या कोर्सवर शनिवारी दुपारी वारापाऊस एकत्र आला आणि टायगर वुड्सने ८१ मारले, म्हणजे त्याच्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फटके, तेही त्या वर्षीच्या मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून आलेला असताना.

आता कपडे. पहिला नियम, कॉटन घरी ठेवा. कॉटनची चिनो पँट, कॉटनचा पोलो, कॉटनचे मोजे, सगळं. कॉटन पाणी धरून ठेवतं आणि त्या हवेत वाळत नाही. मी पहिल्यांदा छान इस्त्रीच्या तीन चिनो नेल्या होत्या, पहिल्याच दिवशी अठरापैकी पाचव्या होलला मांडीपर्यंत भिजलो आणि उरलेले तेरा होल ती पँट पायाला चिकटून गार पडत राहिली. जाड जीन्सचा तर विषयच सोडा, ती बऱ्याच क्लबांत चालतही नाही.

दुसरं, एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा चार पातळ थर न्या. सगळ्यात आत अंगाला चिकटून बसणारा लांब बाह्यांचा बेसलेयर, मेरिनो लोकरीचा असेल तर उत्तम कारण तो ओला झाला तरी ऊब देतो आणि दोनतीन दिवस घातला तरी वास मारत नाही (डेकॅथलॉनच्या ट्रेकिंगच्या भागात मिळतात, गोल्फवाल्या दुकानातून घ्यायची काही गरज नाही). त्यावर कॉलरवाला पोलो, त्यावर पातळ स्वेटर किंवा अर्ध्या चेनचा पुलोव्हर, आणि सगळ्यात वर रेनसूट, म्हणजे पावसाचं जॅकेट आणि पँट. एक बिनबाह्यांचं जॅकेट पण घ्या, माझ्या मते सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हेच, छाती गरम राहते आणि हात मोकळे.

हे थर का म्हणतोय, तर एका राउंडमध्ये, म्हणजे अठरा होलांत, तुम्ही ते चारपाच वेळा काढणार आणि घालणार आहात. ओल्ड कोर्स खाडीच्या दिशेने लांब बाहेर जातो आणि मग तसाच परत येतो, आपल्यासारखे नऊ होल झाले की क्लबहाऊसला परत असं तिथे नाही, त्यामुळे जे लागेल ते पाठीवरच्या बॅगेत पाहिजे. बऱ्याचदा जाताना वारा पाठीमागून असतो, चालून घाम येतो, स्वेटर काढावासा वाटतो, आणि वळून परत यायला लागलं की तोच वारा तोंडावर, अंगातला घाम गार. बग्गीत, म्हणजे गोल्फच्या छोट्या गाडीत, बसून आडोसा घेऊ म्हणाल तर तेही नाही, तब्येतीचं कारण असल्याशिवाय बग्गी देत नाहीत, चालायचंच असतं.

रेनसूटवर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवलेत तरी चालेल. चार गोष्टी बघून घ्या. एक, एक साइज मोठा घ्या म्हणजे आत स्वेटर घालूनही खांदे फिरतात. दोन, पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत चेन पाहिजे, कारण पाऊस आला की बूट न काढता ती चढवायची असते, मागे दुसरा ग्रुप उभा असतो, एका पायावर उड्या मारत बूट काढायला वेळ नसतो. तीन, कापड मऊ हवं, बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, कुरकुर आवाज करणारं नको, डोकं जातं. चार, नुसतं वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं घेऊ नका, वॉटरप्रूफ आणि शिवणी आतून टेप लावलेल्या हव्यात. घेतल्यावर घरी घालून दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा, कुठून पाणी येतंय ते पुण्यातच कळू दे. जुना रेनसूट असेल तर फॅब्रिक सॉफ्टनर घालून अजिबात धुऊ नका, वरची पाणी झटकणारी पॉलिश जाते.

आणि हे कुणीच करत नाही पण करा, सगळे थर एकदम घालून जायच्या आधी दोनचार वेळा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल मारा. पुण्यात उकडेल, म्हणून सकाळी सहाला जा. इतक्या कपड्यांत स्विंग आखूड होतो, सात आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) मारलेला बॉल नेहमीपेक्षा कमी जातो, आणि हे तिकडे पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करताना, कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

हातांचं वेगळं सांगतो. नेहमीचा लेदरचा ग्लोव्ह ओला झाला की साबणासारखा निसटतो. रेन ग्लोव्ह मिळतात, दोन्ही हातांत घालायचे, ते ओले झाल्यावरच जास्त पकडतात, तर त्याची एक जोडी नक्की. शिवाय दोन शॉटच्या मधे घालायला मोठे ढगळ हातमोजे, थंडीचे. नेहमीचे ग्लोव्ह तीन घ्या आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, त्याच पिशवीत मोज्यांची एक कोरडी जोडी. नऊ होलनंतर मोजे बदलले की माणूस नव्याने उभा राहतो, खरंच.

डोक्याला कॅप आणि लोकरीची कानटोपी दोन्ही, कॅप उडून जाते वाऱ्यात. गळ्याला बफ, म्हणजे गळ्यात घालायची ताणणारी कापडी पट्टी. पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्रावरून अचानक धुकं येतं, त्याला तिकडे हार म्हणतात, अगदी आपल्या फुलांच्या हारासारखाच उच्चार, आणि ते आलं की ऊन असलेली दुपार दहा मिनिटांत पांढरी गार होऊन जाते, तेव्हा या कानटोपीची किंमत कळते. ट्रूनला, प्रेस्टविकला म्हणजे पश्चिमेला जाणार असाल तर तिकडे पाऊस जास्त, तेव्हा सुकं टॉवेल एक जादा. छत्री मी दुसऱ्या वेळी नेलीच नाही, त्या वाऱ्यात ती उलटी होते. सनस्क्रीन आणि ओठांना लावायचं बाम मात्र न्या, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि वाऱ्यामुळे चेहरा भाजलेला कळत नाही.

बूट दोन जोड, दोन्ही वॉटरप्रूफ, दोन्ही आधी वापरून पायाला बसलेले. नवीन बूट घालून रोज आठदहा किलोमीटर चालाल तर तिसऱ्या दिवशी हॉटेलवर बसाल. ओले बूट रात्री जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे, झोपण्याआधी एकदा बोळे बदलायचे, हीटरला टेकवून ठेवायचे नाहीत, लेदर तडकतं.

आकडे विचारत होतात म्हणून, सात दिवस पाच राउंड धरून: पटकन वाळणाऱ्या पँट तीन, पोलो चार, बेसलेयर दोन, स्वेटर दोन, बिनबाह्यांचं जॅकेट एक, रेनसूट एक, मोजे आठ जोड. संध्याकाळसाठी एक पँट आणि दोन शर्ट, बास, सगळे दमलेले असतात, कोण बघतंय. म्युअरफिल्डला खेळून तिथे जेवणार असाल तर ब्लेझर आणि टाय लागतोच, तेवढ्यासाठी जागा ठेवा. क्लबहाऊसमध्ये शिरताना टोपी काढायची आणि ओला रेनसूट लॉकररूममध्येच उतरवायचा.

आता कुठल्या बॅगेत काय. स्वेटर, बेसलेयर, मोजे हे सगळं गोल्फच्या ट्रॅव्हल कव्हरमध्ये क्लबच्या डोक्यांभोवती गुंडाळा, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब क्लबही वाचतो आणि सुटकेसही हलकी होते, फक्त एअरलाइनची वजनाची मर्यादा आधी बघा, बऱ्याचदा २३ किलो असते. पण रेनसूट आणि एक जोड बूट केबिन बॅगेतच. पहिल्या वेळी माझी गोल्फ बॅग दोन दिवस उशिरा आली, क्लब तिथे भाड्याने लगेच मिळाले, बूट आणि रेनसूट मात्र मला भाड्याने मिळाले नाहीत, आणि प्रोशॉपमधून, म्हणजे कोर्सवरच्या दुकानातून, ज्या भावाला विकत घ्यावे लागले ते आठवलं तरी वाईट वाटतं.

पाऊस येण्याची वाट बघू नका हे शेवटचं. समुद्राकडे काळं दिसलं की लगेच पँट आधी चढवा आणि मग जॅकेट, कारण आतला स्वेटर एकदा ओला झाला की वरून काय वाट्टेल ते घाला, तो राउंड संपेपर्यंत वाळत नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री ओलं असेल ते वेगळ्या कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत भरा, घरी पोचल्या पोचल्या काढून सावलीत वाळत टाका, नाहीतर विमानातले आणि टॅक्सीतले तास धरून कुबट वास असा बसतो की तो रेनसूट पुढच्या ट्रिपला नेववत नाही.