लेखकाने आपले वर्ष ऋतूंप्रमाणे कसे आखावे

दिंडोरी तालुक्यातील माझ्या मामांच्या द्राक्षबागेत दरवर्षी एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. माल उतरवून झालेला असतो, वेली थकलेल्या असतात, आणि मामा ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवर, एक-दोन डोळे (अंकुर) राखून बाकीची सगळी काडी उतरवतात. दोन दिवसांत बाग इतकी उघडी पडते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वाळली असेच वाटावे. या छाटणीला फळ धरत नाहीत. मात्र त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत, उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत, सूक्ष्म घड तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या छाटणीनंतर जे फळ दिसते ते या उघड्या दिवसांतच ठरलेले असते. लेखनावर पोट असणाऱ्याने आपले वर्ष कसे आखावे, हे मला या बागेमुळे कळले.

लेखन हा व्यवसाय आणि ऋतूंची उपासना ही श्रद्धा असली, की दोन्हीकडून अपराधी वाटत राहते. सणाच्या दिवशी अर्धवट राहिलेला लेख डोळ्यांसमोर येतो, आणि मुदतीच्या रात्री आज पौर्णिमा होती हे दुसऱ्या दिवशी सकाळी आठवते. या ओढाताणीत पहिला बळी शरीराचा जातो. मी स्वतः अशी काही वर्षे काढली आहेत, म्हणून पुढील क्रम सुचवते आहे.

आधी आपले वर्षचक्र निवडावे

युरोपातील आजचे निसर्गपूजक, म्हणजे पेगन परंपरा मानणारे लोक, वर्षात आठ सण पाळतात. त्यांतील चार सण सूर्याचे असतात: दिवस-रात्र समान असणारे दोन संपातदिन, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसाचे दोन अयनदिन. उरलेले चार त्यांच्या मधोमध येतात आणि त्यांची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या शेतकरी दिनदर्शिकेत आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टेन, १ ऑगस्टचा लूनासा आणि ३१ ऑक्टोबरचा साउइन. आठ सणांचे हे चक्र आजच्या स्वरूपात ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ झाले. सहा-सात आठवड्यांनी एकदा काम थांबवून आभाळाकडे पाहायचे, ही त्यामागील कल्पना मला फार मोलाची वाटते.

मात्र हे चक्र जसेच्या तसे नाशिकला लागू करू नये. लंडनमध्ये जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस आठ तासही भरत नाही, त्यामुळे तिथे सूर्य परतणे हीच वर्षातील सर्वांत मोठी घटना ठरते. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे. इथे दिवसाची लांबी सुमारे अकरा तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंतच बदलते, आणि वर्षाचे खरे नाट्य पावसाचे असते. सूर्याचा एक दिवस मात्र आपल्याकडे आहे जो लंडनला कधीच मिळणार नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धात तो पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

म्हणून आपल्या भूमीतले सात-आठ दिवस निवडावेत. माझ्या वहीत गुढीपाडवा, मेमधील शून्य सावलीचा दिवस, आषाढातील दिव्यांची अमावास्या, पोळा, घटस्थापना, कोजागरी, डिसेंबरमधील सर्वांत मोठी रात्र आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी असे आठ दिवस आहेत. कोणाला वटपौर्णिमा किंवा होळी जवळची वाटेल. दिवस कोणताही असो, त्याचा माती, झाड, पाणी, धान्य किंवा प्रकाश यांच्याशी उघड संबंध असावा आणि तो आपल्याला मनापासून पाळावासा वाटावा, एवढे पुरे आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या भागांत डोंगऱ्या देव आणि वाघबारस यांसारखे आदिवासी उत्सव आजही जिवंत आहेत. ते त्या त्या समाजाचे आहेत, त्यामुळे कोणी बोलावल्यास पाहुणा म्हणून नम्रपणे जावे आणि त्यांचे विधी उचलून आपल्या दिवाणखान्यात आणू नयेत.

वहीत सण आधी आणि मुदती नंतर लिहाव्यात

या पायरीवर सर्वाधिक लोक चुकतात, आणि मीही चुकत होते. आपण आधी संपादकांच्या तारखा लिहितो आणि उरलेल्या जागेत सण बसवतो, मग जागा कधीच उरत नाही. त्याऐवजी वर्षाच्या प्रारंभी, पाडव्याला म्हणा किंवा जानेवारीत, एका मोठ्या कागदावर बारा महिने आखावेत आणि निवडलेले दिवस प्रथम शाईने भरावेत. प्रत्येक दिवसासाठी आदली संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी धरावी, कारण रात्री उशिरापर्यंत कोजागरीचे दूध आटवून सकाळी आठ वाजता मजकूर पाठवायचा असेल, तर जागरणाचा आनंद मिळत नाही आणि मजकूरही चांगला उतरत नाही. त्यानंतर मुदती पेन्सिलीने लिहाव्यात.

नाशिकच्या लेखकाने फेब्रुवारीचा शेवटचा आठवडाही वेगळा राखावा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या आठवड्यात शाळा, महाविद्यालये व वाचनालये यांची बोलावणी येतात. तिथे जाणे हा आनंदच असतो, पण त्याच आठवड्यात एखादे मोठे हस्तलिखित द्यायचे कबूल केल्यास दोन्हीकडे अर्धेच पोहोचता येते.

बळ पाहून काम वाटावे

आयुर्वेदातील ऋतुचर्येचे, म्हणजे ऋतूनुसार कसे वागावे-खावे या शिकवणीचे, एक निरीक्षण लेखकाला फार उपयोगी पडते: शरीराचे बळ थंडीत, म्हणजे हेमंत-शिशिरात, सर्वाधिक असते, उन्हाळ्यात व पावसाळ्यात सर्वांत कमी असते, आणि शरद-वसंतात मध्यम असते. आता मराठी लेखकाचे वर्ष पाहावे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडील लेखनाचा मोठा हंगाम दिवाळीला बांधलेला आहे, आणि दिवाळीचा मजकूर जून ते ऑगस्टमध्ये मागितला जातो. याचा अर्थ असा, की भूक मंदावलेली आहे, कपडे वाळत नाहीत, सांधे आखडलेले आहेत, अशा दिवसांत आपण वर्षातील सर्वांत कठीण काम करायला बसतो. एका वर्षी मी पावसाळ्यात चार दिवाळी अंकांना होकार दिला होता आणि शिवाय एक अनुवाद हाती होता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी तापाने आडवी झाले. दोन लेख गेलेच नाहीत, आणि जे गेले ते मला आजही वाचवत नाहीत.

त्यावर उपाय असा, की दिवाळीसाठीच्या लेखांचा कच्चा खर्डा डिसेंबर ते फेब्रुवारीत लिहून ठेवावा. विषय कोणी सुचवेपर्यंत थांबू नये, कारण आपल्याला कशावर लिहायचे आहे हे आपल्याला बहुतेक वेळा ठाऊक असते, आणि दोन-तीन खर्डे हाताशी असले की जूनमध्ये निमंत्रण आल्यावर त्यांतील एखादा बेतता येतो. नाशिकच्या थंडीत पहाटे शाल गुंडाळून बसले की जी एकाग्रता मिळते, ती वर्षभरात पुन्हा मिळत नाही. उन्हाळ्यात तो खर्डा मिटून ठेवावा. पावसाळ्यात फक्त दुरुस्ती करावी, कारण दुरुस्ती हे बसून, थांबून, चहा घेत करण्याचे काम आहे, आणि पोळ्यापर्यंत तो हातावेगळा करावा.

नवरात्रानंतर पुढील कामे निवडावीत. ऑक्टोबर छाटणीपूर्वी अनेक बागायतदार काडी तपासून घेतात, कोणत्या डोळ्यात घड आहे हे पाहतात आणि त्यानुसार किती डोळ्यांवर छाटायचे ते ठरवतात. तसेच आपल्या वहीतील विषय एकेक करून तपासावेत. ज्या विषयावर पानभर लिहूनही पुढे काही सुचत नाही, तो कितीही मानाचा असला तरी या हंगामात धरू नये.

उन्हाळा उघडा ठेवावा

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे सहा आठवडे नवे मोठे लेखन घेऊ नये. हे सांगायला सोपे असले तरी मनाला फार जड जाते, कारण रिकामा दिसणारा लेखक स्वतःलाच आळशी वाटू लागतो. एकदा मी मामांना विचारले, की आता वेलीला आराम असतो ना? ते कात्री पुसत म्हणाले, “आराम कसला, आत्ताच तर तिचं खरं काम सुरू होतं. आपल्याला दिसत नाही एवढंच.” तेव्हापासून मी हे सहा आठवडे वाचन, ऐकणे आणि जुनी टिपणे काढून टाकणे यांसाठी ठेवते. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरात आहे, मेमध्ये गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिथे जाऊन काहीही टिपून न घेता ऐकत बसणे, हे लेखकासाठी औषधासारखे असते. दुपारी थोडे झोपावे. एरवी दिवसा झोपणे आयुर्वेदाला मान्य नसले, तरी ग्रीष्मात ते मुद्दाम सांगितले आहे.

यासाठी पैशांची तरतूद लागते, आणि ती न करता केलेला विश्रांतीचा संकल्प टिकत नाही. मानधन उशिरा येते हे गृहीत धरून, हिवाळ्यातील प्रत्येक मानधनातून ठरावीक भाग बाजूला टाकावा आणि दोन महिन्यांचा घरखर्च एप्रिलपूर्वी साठवावा. तेवढे जमत नसल्यास उन्हाळ्यात मुद्रितशोधनासारखे, नवनिर्मिती न लागणारे काम घ्यावे. नकार देताना लांबण लावू नये. “मेअखेरपर्यंत मी नवे लेखन घेत नाही, जूनमध्ये आनंदाने देईन,” एवढे वाक्य पुरते. माझा अनुभव असा, की कारण न सांगता तारीख सांगितली की समोरची व्यक्ती मान राखते.

रोजचा विधी लहान असावा

लॅपटॉप उघडण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. दिवा लावावा, खिडकीत किंवा अंगणात उभे राहून आज झाड, वारा, पक्षी यांत कालच्यापेक्षा काय वेगळे आहे ते पाहावे आणि एक ओळ तारखेसह लिहावी. “पळस संपला.” “कावळा काड्या नेतो आहे.” “पहाटे सोमेश्वरकडून पाण्याचा आवाज.” वर्षभराने या ओळी वाचल्या, की आपल्या लेखनात ऋतू कुठून येतो ते कळते. आठवड्यातून एकदा नदीकाठी किंवा पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर पायी जावे, थंडीत एखाद्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला स्थलांतरित पक्षी पाहावेत. गोदावरीत निर्माल्य, कापूर, तेलाचे दिवे काहीही सोडू नये. ओंजळभर पाणी हातात घेऊन परत सोडले, तरी नदीला नमस्कार पोहोचतो अशी माझी श्रद्धा आहे.

मोठ्या दिवसांचे विधीही साधेच ठेवावेत. घटस्थापनेचे उदाहरण देते. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरायची, त्यात गहू, ज्वारी आणि इतर धान्ये पेरायची, मध्ये घट ठेवायचा आणि रोज सकाळी ओंजळीने पाणी शिंपडायचे. तिसऱ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात, चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरट कोंब वर येतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असल्यामुळे ते हिरवे न होता पिवळे व उंच होत जातात. या नऊ दिवसांत मी पाणी घातल्यावर रोज एक पान हाताने लिहिते, जे कोणालाही द्यायचे नसते आणि ज्याचे शब्द मोजायचे नसतात. व्यवसायाची सवय लागलेल्या हाताला असे लिहिणे पहिले दोन दिवस जमतच नाही.

ऋतू बदलताना शरीराकडे पाहावे

एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या पंधरवड्यात जुन्या सवयी एकदम न सोडता हळूहळू बदलाव्यात, असे आयुर्वेदात सांगितले आहे. लेखकाने याच काळात बैठकही तपासावी: खुर्चीची उंची, मनगटाखालचा आधार, पडद्यापासूनचे अंतर. पावसाळ्यात हलके, गरम आणि ताजे खावे. थंडीत भूक चांगली असते, तेव्हा बाजरीची किंवा नागलीची भाकरी, तीळ, तूप निःशंकपणे घ्यावे, आणि भोगीची मिसळीची भाजी तर चुकवूच नये. मधुमेह, रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. मनगटात मुंग्या येत असतील किंवा झोप आठवडाभर बिघडली असेल, तर विधी वाढवण्याऐवजी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एखादा दिवस चुकेलच. कोजागरीला मुदत आडवी आली, तर पुढच्या पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरीला, दूध आटवावे आणि वहीत तशी नोंद करावी. दोन ऋतू सलग चुकले, तर पुढील कागद आखताना त्या महिन्यातील एक मुदत पेन्सिलीनेही लिहू नये. मी गेल्या वर्षी भाद्रपदात अशी एक जागा मोकळी सोडली, आणि यंदाच्या कागदावरही ती तशीच ठेवली आहे.