मान दुखते तेव्हा हातापायांकडे बघा

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पोती उचलणारे हमाल, शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या बायका, मोबाइलमध्ये मान घालून बसलेली कॉलेजची पोरं, सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "मॅडम, मान धरलीय." बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं असतं, शेक आणि हलका व्यायाम यावर काही आठवड्यांत जातं. काहींची नस दबलेली असते, एका हातात कळ उतरते, बोटांना मुंग्या येतात. तेही पुष्कळदा ऑपरेशनशिवाय बरं होतं. मला धास्ती असते ती तिसऱ्या प्रकाराची, कारण त्यात मान कधीकधी फारशी दुखतच नाही.

मानेच्या सात मणक्यांमधून मज्जारज्जू खाली उतरतो. वयाबरोबर गाद्या झिजतात, हाडं वाढतात, आतली वाट अरुंद होते आणि नसेऐवजी मज्जारज्जूच दाबला जातो. हे सगळं इतकं सावकाश चालतं की माणूस वयावर ढकलतो, घरचे शुगरवर. म्हणून मी मानेबद्दल कमी आणि रोजच्या कामांबद्दल जास्त विचारते. बटणं लावायला वेळ लागतो का? पदराला पिन लावता येते का? मोबाइलवर बोट भलतीकडेच पडतं का? खांद्याला शेक घ्यायला आलेल्या एका मावशी बोलता बोलता म्हणाल्या, हल्ली रांगोळी धड पडत नाही. चिमटीतून एकदम ढीग पडायचा, नाहीतर रेघ मधेच तुटायची. भरलेली कळशी उचलत होत्या, म्हणजे ताकद होती. गेलं होतं ते बोटांचं नाजूक काम. मग कळलं की चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. त्या दिवशी मी त्यांच्या मानेला हातही लावला नाही. सरळ स्पाइन सर्जनच्या नावाने चिठ्ठी दिली.

घरी एक गोष्ट करून बघता येते. घड्याळ लावा आणि 10 सेकंद मूठ पूर्ण मिटा, बोटं पूर्ण ताठ उघडा. धडधाकट माणसाचं साधारण 20 वेळा होतं. त्याहून बरंच कमी होत असेल, किंवा करंगळीकडची बोटं मागे रेंगाळत असतील, तर दाखवा. (बोटांना संधिवात असेल तर हा हिशेब चालत नाही.) मग कुणाला तरी शेजारी उभं करून फरशीच्या रेघेवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चाला. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का, आपणहून मान खाली घातल्यावर पाठीतून वीज उतरल्यासारखी झणझण होते का, तेही सांगा. असं काही असेल तर मालिश, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं), मान मोडून घेणं, सगळं थांबवा. ऑपरेशन होतं ते मुख्यतः पुढचं नुकसान रोखायला. गेलेलं सगळं परत येतंच असं नाही, म्हणून उशीर महागात पडतो. हातपाय झपाट्याने लुळे पडत असतील, लघवी अडकली किंवा आवरेनाशी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मान मोडण्यावरून आठवलं. दाढी-कटिंगनंतर कट्कन मान मोडून घ्यायची हौस सोडा. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं. क्वचित होतं, पण तरुणांनाही होतं, आणि कधी काही कारण न घडताही. कधी नव्हे अशी एका बाजूची मान नि डोकं एकाएकी दुखायला लागलं, त्यात एक पापणी उतरली, दोन-दोन दिसायला लागलं, जीभ जड झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर ते दुखणं मानेचं समजून झोपू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीला लागत नाही इतकी ताठ मान, हे एकत्र आलं तर मेंदूज्वराची शंका घ्यायची. उलट्या, उजेड नकोसा होणं, गुंगी ही त्याची सोबत. तान्ह्या बाळाची मान मात्र ताठ न होताही हा आजार असू शकतो.

टीबी मणक्यालाही होतो, आणि तेव्हा खोकला असेलच असं नाही. रात्री पडल्यावरही न थांबणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, घाम, उतरत चाललेलं वजन, गिळताना अडकणं, यातलं काहीही असेल तर तपासणी करून घ्या. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल तर रात्रीचं दुखणं आणखीच लवकर दाखवायचं.

अपघातात आपली माणसं मदतीच्या घाईत घोळ घालतात. गाडीवरून किंवा झाडावरून पडलेल्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात, दुचाकीवर दोघांच्या मध्ये कोंबून नेतात. मान दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर आहे तिथेच, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा आणि 108 ला फोन करा. श्वास चालू आहे ना, ते बघत राहा. श्वासापुढे बाकी सगळं नंतर. हेल्मेट ओढून काढू नका. पासष्टीपुढचं माणूस नुसतं मोरीत घसरलं आणि नंतर मान दुखते म्हणालं, तरी मानेचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायचाच. ठिसूळ हाड तेवढ्यानेही मोडतं.

छातीत दडपण आणि घाम असताना मान-जबडा दुखत असेल, तर माझ्याकडे येऊच नका. आधी ईसीजी.

आता एक्स-रेबद्दल. "गॅप कमी झालाय", म्हणजे दोन मणक्यांमधलं अंतर घटलंय, हे वाचून लोक हबकतात. पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या फोटोतही ते दिसतं. डॉक्टरांसमोर फाइल ठेवाच, पण आधी तोंडाने सांगा: दुखणं कधीपासून, रात्री झोपमोड होते का, हाताने कुठलं काम जमेनासं झालं, चाल बदलली का, लघवीत काही फरक. हे सांगायला लाजू नका. पुष्कळजण ते दाराशी पोचल्यावर, चप्पल घालता घालता सांगतात.