रानातला संकर ओळखताना या चुका टाळा

दोन जाती शेजारी फुललेल्या, मध्येच एक झाड, पानं दोघांच्या मधली. लगेच वहीत 'संकर', म्हणजे दोन जातींच्या मिलनातून झालेलं झाड, अशी नोंद होते. सगळ्यात जास्त फसगत इथेच. सावलीत किंवा मुरमाड जमिनीत एकाच जातीची पानंसुद्धा ओळखू येत नाहीत. उलट खरा संकर मधलाच दिसेल असं नाही. काही गुणांत तो दोन्ही जनकांना मागे टाकतो.

शंका आली की परागकण पाहा. उमलायच्या बेतात असलेल्या कळीतला परागकोश काचपट्टीवर फोडून ॲसिटोकार्माईन या लाल रंगद्रव्याचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भरलेले कण गोल आणि लाल दिसतात, पोकळ कण फिके, सुरकुतलेले. पोकळ फार निघाले तर संशय बळावतो. पण कडक उन्हानेही पराग वाया जातात, म्हणून त्याच दिवशी दोन्ही जनकांच्याही कळ्या तपासा. मी सुरुवातीला हे टाळायचो आणि उन्हाने करपलेल्या झाडांनाही संकर म्हणून मोकळा व्हायचो.

पराग वांझ निघाला म्हणून फाइल बंद करू नका. सेनेसिओ या रानफुलाच्या दोन जाती घ्या: व्हल्गॅरिसची गुणसूत्रं 40, स्क्वॅलिडसची 20. संकरात 30 येतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून तो वांझ. मात्र संच दुप्पट झाला की 60, प्रत्येकाला जोडीदार! वेल्समधली सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस ही जाती अशीच जन्मली.

शेजार आहे म्हणजे संकर होणारच, हाही भ्रम. मिम्युलस या रानफुलाच्या लेविसी जातीकडे भुंगे जातात, कार्डिनॅलिसकडे गुंजन पक्षी (हमिंगबर्ड). काही ठिकाणी दोन्ही एकत्र वाढूनही रानात त्यांचा संकर क्वचितच सापडतो.

आणि जमीन न पाहता निघून येणं ही तर माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. उत्तर अमेरिकेत हेलियांथस ॲन्युअस आणि पेटिओलॅरिस या दोन सूर्यफुलांच्या संकरातून तीन जाती झाल्या: एक वाळूच्या टेकड्यांवर, एक वाळवंटात, एक खारट पाणथळीत. जनक तेच, गुणसूत्रं सगळ्यांची 34. जनुकांची कोणती जुळणी कुठे टिकायची, ते जमिनीने ठरवलं. म्हणून नमुन्यासोबत मातीचा पोत, ओल, खारेपणा, जागा नुकती उकरलेली आहे का, एवढं तरी लिहा. उकरलेल्या जागेत संकराला पाय रोवायला वाव मिळतो.

एक तांत्रिक गोष्ट: फक्त हरितलवकाच्या (पेशीतल्या हिरव्या कणांच्या) डीएनएवर विसंबू नका. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो आईकडूनच येतो, बापाचा पत्ता केंद्रकातल्या जनुकांतच लागतो.