व्यवसाय एकीकडे, आयटी दुसरीकडे: एंटरप्राइझ आर्किटेक्चरमधील या चुका टाळा

चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एखादी मध्यम आकाराची कंपनी नव्या ग्राहकाची ऑर्डर घेते, लाइन उभी राहते, माणसे नेमली जातात आणि पहिली गाडी भरायच्या वेळी कळते की त्या ग्राहकाला हव्या त्या पद्धतीने डिस्पॅचची आगाऊ सूचना पाठवण्याची सोय ईआरपीत (खरेदी, उत्पादन, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नाही. दोष आयटी विभागाच्या संथपणाला दिला जातो. पण ऑर्डर ठरली त्या बैठकीला आयटी प्रमुखांना बोलावलेलेच नव्हते, हे कोणी विचारात घेत नाही. व्यवसाय आणि आयटी यांचा मेळ कसा घालावा याचे हेंडरसन आणि वेंकटरामन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेले प्रारूप आहे, त्यात चार दृष्टिकोन आहेत. त्यांपैकी दोनांत सुरुवात व्यवसायाच्या धोरणापासून होते आणि उरलेल्या दोनांत आयटीच्या. आपल्याकडे मात्र आयटीकडे निर्णय झाल्यानंतरच जाण्याची रीत आहे. एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे व्यवसायाच्या प्रक्रिया, माहिती आणि आयटी प्रणाली यांची एकत्रित आखणी, इथेच पहिल्यांदा चुकते.

ही विसंगती लक्षात आल्यावर अनेक कंपन्या लगेच दुसरी चूक करतात, ती म्हणजे सध्याच्या सगळ्या प्रणालींचा संपूर्ण नकाशा काढायला बसणे. अशा आखणीसाठी तयार चौकटी आहेत: झॅकमन यांची चौकट १९८७ ची, टोगॅफ या चौकटीची पहिली आवृत्ती १९९५ ची. दोन्ही उपयुक्त आहेत आणि टोगॅफ तर स्वतःच सांगते की आपल्या संस्थेला लागेल तेवढे घ्या व जुळवून घ्या. तरीही सल्लागार जाडजूड दस्तऐवज तयार करतात आणि तो पूर्ण होईपर्यंत निम्म्या आकृत्या जुन्या झालेल्या असतात. त्यापेक्षा येत्या वर्षातील दोन-तीन मोठे व्यावसायिक निर्णय घ्यावेत आणि ते ज्या प्रक्रियांना, माहितीला व प्रणालींना स्पर्श करतात तेवढाच भाग काढावा.

सर्वांत महाग पडणारी चूक लवचीकतेविषयीच्या गैरसमजातून होते. सगळेच लवचीक हवे म्हणून प्रत्येक प्रणालीचे लहान-लहान सेवांमध्ये विभाजन करणे जितके घातक, तितकेच जिथे बदल निश्चित येणार तिथे नियम प्रोग्रॅममध्ये पक्के बसवणे घातक. ई-इन्व्हॉइसचे, म्हणजे जीएसटीची बिले सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या पद्धतीचे, उदाहरण पाहावे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या करदात्यांना ते सक्तीचे झाले. पुढे मर्यादा १००, ५०, २०, १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी किंवा त्याहून अधिक उलाढालीसाठी बिल ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवण्याची अटही लागू झाली. ज्या कंपनीत बिलाची रचना भोसरीच्या कारखान्यात एका पद्धतीने, तळेगावात दुसऱ्या पद्धतीने आणि सुट्या भागांच्या विक्रीत तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली होती, तिला असा प्रत्येक बदल तीनदा करावा लागणार हे उघड आहे. बिलनोंदणी एकाच सेवेतून जात असेल, तर तोच बदल एका ठिकाणी होतो. म्हणून लवचीकतेवरचा खर्च करनियम, ग्राहकांशी होणारी माहितीची देवाणघेवाण, दर आणि सवलती अशा सतत हलणाऱ्या जागी करावा. हजेरी किंवा सामान्य लेखा यांसाठी तयार पॅकेज जसेच्या तसे वापरणे शहाणपणाचे.

एकच पार्ट नंबर स्टोअर्समध्ये, क्वालिटीत आणि विक्रीत तीन प्रकारे लिहिला जात असेल, तर वर प्रणाली एकमेकींना जोडणारे कितीही चांगले इंटिग्रेशन बसवले तरी अहवाल जुळणार नाहीत. येथे सॉफ्टवेअरआधी मालकी ठरवावी लागते: नवा पार्ट नंबर कोण उघडणार, ड्रॉइंगची आवृत्ती बदलली की कोण कळवणार. हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच पुढे ढकलले जाते.

प्रणालींविषयीचे नियम ठरवणारी आर्किटेक्चर समिती ही अडवणूक करणारी खिडकी होऊ नये, यासाठी नियमाला मागितलेल्या अपवादाला सरसकट नकार देण्याऐवजी मुदत घालून परवानगी द्यावी. मुदतीच्या दिवशी तो अपवाद पुन्हा समितीपुढे आला नाही, तर नियम कागदावरच राहतो.

सॅप कंपनीच्या ईसीसी या जुन्या ईआरपीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ अखेर संपणार असल्याने सध्या अनेक कंपन्या स्थलांतराच्या तयारीत आहेत. तिथे वर्षानुवर्षे साठलेले सगळे झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी सॅपमध्ये लिहून घेतलेले प्रोग्रॅम) नव्या प्रणालीत नेण्याचा मोह आवरावा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या वापराची नोंद किमान वर्षभराची काढावी, कारण काही प्रोग्रॅम फक्त मार्चअखेरीस चालतात. त्यानंतर तो कोणत्या व्यावसायिक कामासाठी हवा आहे हे आयटीने नव्हे, तर संबंधित विभागप्रमुखाने लेखी द्यावे. ज्यासाठी कोणी लिहून देत नाही, तो यादीतून वगळावा.