परदेशी जावयाला देश दाखवायचा असेल तर

माझी भाची टोरांटोला असते. लग्नानंतर ती पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा 14 दिवसांत दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी, कोची आणि गोवा असा बेत मीच आखून दिला होता. डिसेंबरअखेरच्या धुक्यात विमानाला उशीर झाला, पुढचं विमान चुकलं, आणि कोचीला पोचल्यावर जावई दोन दिवस तापाने पडून राहिला. परत जाताना तो म्हणाला, "मावशी, सगळं सुंदर होतं, पण कोणतं देऊळ कुठलं ते आता आठवत नाही." ते मला फार लागलं. दुसऱ्या खेपेला मी सगळा बेत मुळापासून बदलला. तुमच्याकडेही असे पाहुणे येणार असतील, तर हे उपयोगी पडेल.

आधी नकाशा समोर घ्या आणि एकच पट्टा निवडा. दोन आठवड्यांत देश बघून होत नाही, पण एक पट्टा नीट बघून होतो. आम्ही पुण्याहून निघालो आणि सोलापूर, विजयपूर (म्हणजे आपलं विजापूर), बदामी करत हंपीपर्यंत गेलो. विमान एकही नाही. सोलापूर-गदग मार्गावर विजयपूर, बागलकोट, बदामी ही स्टेशनं ओळीने येतात. पाटीवरची लिपी बदलते, डब्यातलं बोलणं बदलतं, आणि बाहेर ज्वारीची शेतं मात्र तशीच राहतात. हा फरक विमानातून कुणालाच दिसत नाही.

ऋतू ठरवताना पाहुण्यांच्या सुट्टीपेक्षा ऊन-पाऊस बघा. या पट्ट्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चअखेरीपासून बदामीचा तांबडा दगड दुपारी असा तापतो की हात टेकवत नाही. उत्तरेकडे जाणार असाल, तर डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा टाळा. धुक्यात विमानं आणि गाड्या दोन्ही रखडतात. मग साप्ताहिक सुट्ट्या लिहून काढा आणि तारखा त्यांच्याभोवती बसवा: ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. परदेशी मोबाइल नंबरवर ओटीपीची अडचण येते, म्हणून तिकिटं तुम्हीच काढा. पाहुण्याच्या पासपोर्टवर आहे तेच नाव तिकिटावर घाला. ई-व्हिसासाठी सरकारी संकेतस्थळच वापरायला सांगा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्टची मुदत येण्याच्या तारखेपासून निदान सहा महिने हवी. परदेशी पाहुणा तुमच्या घरी उतरणार असेल, तर त्याची ऑनलाइन नोंद 24 तासांत तुम्हाला करायची असते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. भाचीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) आहे, म्हणून स्मारकांचं तिकीट तिला भारतीयांच्या दरात मिळालं. जावयाला हंपीत 40 ऐवजी 600 रुपये पडले. हा खर्च आधीच धरा आणि कार्ड बॅगेत न ठेवता खिशात ठेवा.

पहिले दोन दिवस घरीच ठेवा. झोपेचं घड्याळ जागेवर येऊ द्या, वरण-भात, ताक पोटाला ओळखीचं होऊ द्या. बाहेर पडल्यावर सीलबंद पाणी, बर्फ नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं सोबत असूच द्या.

जेवण हा बेताचाच भाग समजा. विजयपुरात मी मुद्दाम साध्या खानावळीत गेले. समोरच चुलीशी बसलेली बाई ज्वारीची भाकरी दोन्ही तळव्यांनी थापत होती. पानात भरलेली वांगी, शेंगाचटणी, दही. जावयाने विचारलं, "हे तर सोलापूरला खाल्लं होतं ना?" खाल्लंच होतं. तिकडे शेंगांची चटणी, इकडे शेंगाचटणी. तिकडे भाकरी, इकडे रोट्टी. राज्य बदललं, पीठ नाही. त्याला ते स्वतःहून दिसलं, याचा मला केवढा आनंद झाला!

गोलघुमटाला दार उघडताच जा. मोहम्मद आदिलशाहाची ही कबर 1656 मधली. कोपऱ्याच्या मनोऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चढून सज्जात पोचलात की समोरच्या टोकाला पुटपुटलेलंही ऐकू येतं. शाळांच्या सहली आल्या की मात्र नुसता गोंगाट. बदामीला दोन मुक्काम करा. तिसऱ्या लेण्यात शके 500 चा, म्हणजे इ.स. 578 चा लेख आहे. तिथे माकडं फार, हातात खाऊ धरू नका. एक अख्खा दिवस पट्टदकल आणि ऐहोळेला द्या. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर पाहिलेल्या माणसाला वेरूळचं कैलास लेणं पाहताना ओळख पटते. त्यामुळे परतीला वेळ असेल, तर वेरूळ जोडून घ्या.

हंपीला तीन दिवस हवेत. पहाटे आणि संध्याकाळी फिरा, दुपारी सावलीत आडवे व्हा. विठ्ठल मंदिर शेवटच्या दिवसासाठी राखा, आणि त्याआधी सोलापूरहून वाकडी वाट करून पंढरपूरचं दर्शन घडवून आणा. कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला, म्हणजे याच हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरीला आणली, ही आपल्याकडची परंपरा हंपीच्या विठ्ठल मंदिरात उभं राहून सांगा. मी सांगितली. जावई बराच वेळ रिकाम्या गाभाऱ्यात बघत राहिला. मग भाचीला म्हणाला, "म्हणजे सोमवारी आपण ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, तोच का?"